प्रीचार्जला मराठी शब्द हवा, फक्त त्यात ‘हवा’ नको

मकरपुरा_मेंटेनन्स:
मंडळी, एक बोर्ड रंगवायचाय आणि शब्दावर गाडी अडलीये. मी वडोदऱ्यात मकरपुरा जीआयडीसीत (म्हणजे इथली एमआयडीसी) हायड्रॉलिक प्रेस सांभाळतो. प्रेसच्या पॉवरपॅकला, म्हणजे तेलाची टाकी आणि पंप असलेल्या युनिटला, ॲक्युम्युलेटर असतो, आमच्याकडे त्याला सरळ बाटली म्हणतात. जाड पोलादी बाटली, आत रबरी फुगा, फुग्यात नायट्रोजन, फुग्याच्या बाहेर तेल. पंप तेल आत रेटतो तेव्हा फुगा दबतो आणि मशीनला एकदम तेल लागलं की तोच फुगा ते परत बाहेर ढकलतो. तेल यायच्या आधी फुग्यात जो गॅस भरून ठेवायचा त्याचं प्रेशर म्हणजे प्रीचार्ज. याला मराठीत काय म्हणू?

आता मला हे का सुचलं ते सांगतो, चूक माझीच होती. गेल्या उन्हाळ्यात नवीन हेल्पर पोराला म्हणलं, तीन नंबरच्या बाटलीत हवा कमी झालीये, जा सिलेंडर घेऊन ये. पोरगं गुणी, धावत गेलं आणि गॅस कटिंगच्या कोपऱ्यातून काळं सिलेंडर ट्रॉलीवर घालून हजर. काळं म्हणजे ऑक्सिजन! नायट्रोजनचं राखाडी असतं, गळ्याशी काळा पट्टा. विचारलं तर म्हणे, “काका तुम्ही हवा म्हणालात ना, हे हवेचंच आहे, कोरोनात माणसांना पण हेच लावत होते.” काय बोलणार. तेल आणि दाबाखालचा ऑक्सिजन एकत्र आले की ठिणगीसुद्धा लागत नाही, बाटलीचा बॉम्ब होतो. स्पॅनर लागायच्या आत नजर गेली म्हणून आज इथे टायपतोय.

शब्दवेडी:
बापरे. परिभाषेच्या अंगाने सांगते, ॲक्युम्युलेटरला ‘संचायक’ हा शब्द रुळलेला आहे, त्यामुळे प्रीचार्ज म्हणजे ‘पूर्वप्रभार’ होऊ शकेल. पण प्रभार म्हटलं की विजेचा आठवतो, आणि प्रभारी म्हटलं की मुख्याध्यापक. ‘पूर्वभरण’ जरा बरं वाटतं.

तेलकट_हात:
ताई पूर्वभरण वाचून पोरगं पूर्वेकडे तोंड करून भरायला लागेल 😀 चेष्टा राहू द्या, मूळ ‘चार्ज’ शब्दातच घोटाळा आहे. मी शिफ्टला विचारतो “तीन नंबर चार्ज आहे का?” तो मीटर बघून म्हणतो “हो, ११० आहे.” तो सांगतोय तेलाचं प्रेशर, मी विचारतोय गॅसचं. पंप चालू असताना गॅस तेलाइतकाच दबलेला असतो, त्यामुळे त्या मीटरवरून प्रीचार्ज कळूच शकत नाही. आमच्या एका बाटलीचा फुगा फाटलेला होता तरी मीटर ११०च दाखवत होतं आणि सगळे खूश होते. नंतर लक्षात आलं की पंप दर मिनिटाला लोडवर येतोय आणि काटा थरथर नाचतोय. गॅसच्या व्हॉल्व्हची पिन जरा दाबली तर फुस्स व्हायच्या ऐवजी तेल आलं, म्हणजे फुगा गेलेला.

गॅस भरायची-मोजायची किट नसेल तेव्हाचा जुना मार्ग असा, की पंप बंद करून तेल टाकीकडे हळूहळू सोडायचं आणि डोळे काट्यावर ठेवायचे. काटा सावकाश उतरतो, १००, ९५, ९२... आणि एका ठिकाणावरून धपकन शून्यावर पडतो. जिथून पडला तो प्रीचार्ज. एकदा बघितलं की माणूस जन्मात विसरत नाही.

मांडवीचा_गप्पिष्ट:
एक शंका, हवेत ७८ टक्के नायट्रोजनच असतो ना, मग हवा भरली तर काय बिघडलं?

मकरपुरा_मेंटेनन्स:
भाऊ उरलेल्यात २१ टक्के ऑक्सिजन आहे, तोच तर बिघडवतो. कुठे तेलाची वाफ फुग्याच्या बाजूला शिरली आणि झटक्यात दाबली गेली तर गरम होऊन पेट घेते, डिझेल इंजिनात जसं स्पार्क प्लगशिवाय पेटतं अगदी तसंच. शिवाय हवेतल्या ओलीने पोलाद गंजतं आणि ऑक्सिजनने रबर कडक पडतं ते वेगळंच. कोरडा नायट्रोजन, दुसरं काही नाही.

रावपुरा_रिटायर्ड:
आमच्या वेळी फोरमन म्हणायचे “गेस पुरावी दे.” गुजरातीत पेट्रोलसुद्धा पुरावतात. बडोद्याच्या मराठीत ते “गॅस पुरला का?” असं झालं, आणि नागपूरहून बदलून आलेले एक इंजिनियर दचकले, म्हणाले कुठे पुरला, जमिनीत? गंमत वाटते की याच गावात १८९० साली कलाभवन हे तंत्रशिक्षणाचं विद्यालय निघालं, प्राध्यापक गज्जरांचा आग्रह होता की कारागिरी मातृभाषेतून शिकवायची, आणि आपण अजून प्रीचार्जपाशी अडकलोय. असो. मला विचाराल तर शब्द असा हवा की तो ऐकल्यावर माणूस काम बरोबर क्रमाने करेल.

दांडियाबाजारची_सुनंदा:
मला मशीनमधलं काही कळत नाही, पण तेल नसतानाचं प्रेशर एवढंच ना? मग ‘कोरा दाब’ म्हणा. दूध नसलेला तो कोरा चहा, तेल नसलेला तो कोरा दाब.

शब्दवेडी:
सुंदर! मी पूर्वभरण मागे घेते.

तेलकट_हात:
काकू शब्द झकास आहे पण माझ्या मनात पाल चुकचुकली. कोरा कागद म्हणजे काही नसलेला. उद्या कोणी “कोरा दाब” वाचून समजला की दाब शून्य आहे, आणि व्हॉल्व्ह उघडायला गेला तर? आत ९० केजी बसलेले असतात, म्हणजे दर चौरस सेंटिमीटरला ९० किलो. टायरच्या व्हॉल्व्हसारखाच दिसतो म्हणून लोक फसतात, टायरमध्ये ३०-३५ पीएसआय म्हणजे जेमतेम अडीच केजी.

रावपुरा_रिटायर्ड:
मग ‘बिनतेलाचा दाब’. कानाला कसा का लागेना.

मकरपुरा_मेंटेनन्स:
काका हा घेतो. ओबडधोबड आहे पण सगळं काम त्या एका ‘बिनतेलाचा’मध्ये आलं. कारण लोक चुकतात ते तिथेच, तेलाचं प्रेशर तसंच ठेवून गॅस भरायला किंवा मोजायला लागतात. आधी पंप बंद, बाटली लाइनपासून तोडायची, तेलाची बाजू टाकीला उघडायची, मीटर शून्य झालं हे स्वतः बघायचं, मगच वर किट चढवायची. भरताना सिलेंडरला रेग्युलेटर पाहिजेच, भरलेल्या नायट्रोजन सिलेंडरात १५० केजीच्या आसपास असतात. सुरुवात अगदी मुंगीच्या पावलाने, कारण एकदम सोडलं तर फुगा खाली धावतो आणि तळाच्या पॉपेटखाली (तेलाच्या तोंडावरच्या झडपेखाली) चिमटून फाटतो. नवीन फुगा असेल तर आधी आत थोडं तेल ओतून भिंती ओल्या करून घ्या. भरून झालं की दहा-पंधरा मिनिटं चहा प्या, गॅस शांत झाला की परत वाचा, शेवटी गळती बघायला साबणाचं पाणी.

आकड्याचं म्हणाल तर आमचं कमीत कमी सिस्टिम प्रेशर १००, त्याच्या ९० टक्के म्हणून ९० केजी. लाइनमधले झटके शोषायला बसवलेल्या बाटलीला कमी ठेवतात, ६०-७० टक्के, म्हणून दुसऱ्याचा आकडा बघून भरू नका, मशीनची प्लेट बघा.

तेलकट_हात:
आणि बोर्डवर टेंपरेचर लिहा हो! मे महिन्यात दुपारी ४२ डिग्रीला ९० भरलं तर जानेवारीत सकाळी १२ डिग्रीला तेच ८१-८२ दिसतं, मग लोक लीक शोधत बसतात. उलट २० डिग्रीचे ९० हे ४२ ला ९७ होतात, तेव्हा गॅस काढून टाकतात. आमच्याकडे दोन्ही झालंय, एकाच वर्षात.

मकरपुरा_मेंटेनन्स:
फायनल मजकूर असा: “फक्त नायट्रोजन, राखाडी सिलेंडर. हवा नाही, ऑक्सिजन नाही. आधी तेल शून्य. बिनतेलाचा दाब ९० केजी, २० डिग्रीला. तपासल्याची तारीख ____.” नवीन भरल्यावर आठवड्याने एकदा बघायचं, मग महिन्याने, मग सहा महिन्यांनी, तारखेची जागा त्यासाठीच. पोरालाच रंगवायला दिलाय, अक्षर चांगलं आहे त्याचं.

मांडवीचा_गप्पिष्ट:
अर्धी शिफ्ट गुजराती आहे तुमची, खाली “तेल वगरनुं दबाण” पण लिहा.

रावपुरा_रिटायर्ड:
नको नको, दबाण वाचून महानगरपालिकेची दबाण शाखा येईल आणि अतिक्रमण म्हणून बाटलीच उचलून नेईल.