मदत हवी आहे: चिंगी बाहेर काहीच करत नाही, घरात आली की थेट पायपुसण्यावर शू!

नमस्कार मंडळी,

अडीच महिन्यांपूर्वी समोरच्या बांधकामावरून एक गावठी पिल्लू घरी आणलं. चिंगी. डॉक्टरांच्या अंदाजाने आता साडेचार महिन्यांची आहे. बिस्किटाच्या पुड्याचा आवाज आतल्या खोलीतून ओळखते, 'बस' दोन दिवसांत शिकली. शूच्या बाबतीत मात्र पालथ्या घड्यावर पाणी.

पार्व्होच्या (पिल्लांच्या जिवावर बेतणारा विषाणूचा आजार) भीतीने लशी पूर्ण होईपर्यंत खाली नेऊ नका असं डॉक्टर म्हणाले होते, म्हणून आधी बाल्कनीत वर्तमानपत्र पसरलं. ते तिने फाडलं, त्यावर झोपली, शू केली पायपुसण्यावर. आता पंधरा दिवस दिवसातून पाच वेळा खाली नेते. तिसरा मजला, लिफ्ट नाही. अर्धा अर्धा तास उभी राहते. ती प्रत्येक स्कूटरचं चाक हुंगते, रिक्षावर भुंकते, आणि काही न करता वर येते. दार उघडलं की पायपुसणं गाठून बसते आणि सुटल्यासारखा चेहरा करून माझ्याकडे बघते!

एकदा यांनी तिचं नाक त्यात घासून ओरडून पाहिलं. (मला पटलं नव्हतं, पण मीही तोवर टेकीला आले होते.) तेव्हापासून ती सोफ्यामागेही करते. रोज फिनेलने पुसते. शेजारच्या काकूंच्या सांगण्यावरून कालच कोपऱ्यात डांबरगोळ्या ठेवल्यात. सासूबाईंचं देवघर हॉलमध्येच आहे, त्यामुळे घरातलं वातावरण काय असेल ते ओळखा. काय चुकतंय?

प्रतिसाद १

आधी उठा आणि डांबरगोळ्या उचला. कुत्र्यांना त्या विषारी असतात, पिल्लू एखादी चघळलं तर जिवावर बेतेल. बाकीचं नंतर बोलू.

थेंब थेंब, सारखी सारखी करते का? तसं असेल तर लघवी तपासून घ्या. जंतुसंसर्ग असेल तर शिकवून काही उपयोग नाही.

प्रतिसाद २

ओरडण्यातून ती 'घरात करू नये' हे शिकली नाही, 'माणसांसमोर करू नये' हे शिकली. म्हणूनच सोफ्यामागे, आणि बहुधा म्हणूनच खाली तुम्ही शेजारी उभ्या असताना नाही. फिनेलने आपल्याला वास गेल्यासारखा वाटतो, तिच्या नाकाला तो येतच राहतो. पाळीव प्राण्यांच्या दुकानात एन्झाइमवालं क्लीनर मिळतं, ते वापरा.

खाली फेरफटका नको, एकाच जागी दहा मिनिटं उभ्या राहा. काही केलं नाही तर वर आणून पट्टा हातातच ठेवा, मोकळं सोडू नका, आणि पंधरा मिनिटांनी परत खाली. झोपून उठल्यावर लगेच आणि खाल्ल्यावर दहा-पंधरा मिनिटांत नेलंच पाहिजे. खाली शू केली की तिथल्या तिथे खाऊ द्या. वर येऊन दिलात तर तिला वाटेल जिना चढल्याबद्दल मिळाला.

एक विचारू? बांधकामावर ती कशावर झोपायची? लहानपणी पायाखाली जे असतं त्यावरच करायची सवय पिल्लांना लागते.

धागाकर्ती

डांबरगोळ्या उचलल्या. थेंब थेंब नाही, चांगलं तळं करते.

आणि अहो, गोणपाट! कॉलमला पाणी मारताना गुंडाळतात ना, त्या जुन्या गोणपाटांच्या ढिगावरच ती आणि तिची भावंडं होती. आमचं पायपुसणं काथ्याचं आहे. इतके दिवस माझ्या डोक्यात हे आलं नाही!

धागाकर्ती (सहा दिवसांनी)

पायपुसणी सगळी माळ्यावर गेली. वॉचमनदादांकडून गोणपाटाचा तुकडा आणला, तिच्या शूने भिजलेला कपडा त्यावर दाबला आणि खाली गुलमोहराजवळ अंथरला. पहिल्या दिवशी काही नाही. दुसऱ्या दिवशी सकाळी तिने तो हुंगला, गोल फिरली आणि बसली! मी खिशातलं चिकन तिथेच दिलं. काल दिवसभरात घरात फक्त एकदा, तेही पाहुणे आल्यावर आनंदाच्या भरात. सासूबाईंनी आज स्वतःहून तिला पोळी दिली.

आता नवीन प्रश्न. मी रोज सकाळी गोणपाटाची वळकटी काखेत घेऊन जिना उतरते, आणि सोसायटीतले लोक विचारतात, योगासनं का? हा तुकडा रोज थोडा थोडा कापून लहान करत गेले तर ती मातीवर करेल का? कोणी केलंय का असं?