घरचंच खाणं, पण जरा हलकं करून: इंदूरकरांनो, तुमचे अनुभव लिहा

मार्चमध्ये आमच्या ह्यांचा एचबीएवनसी (तीन महिन्यांच्या सरासरी शुगरची टेस्ट) 8.2 आला आणि घरात सुतक पडल्यासारखं झालं. शुगरचं दुःख कमी, रविवारचे दाल-बाफले (कणकेचे उकडून भाजलेले, तुपात बुडवलेले गोळे) जाणार ह्याचं जास्त. आमचं घर तिसऱ्या पिढीचं इंदुरी मराठी, वरण-भात रोजचा पण रविवार बाफल्यांचाच, सासूबाईंच्या आधीपासून.

मी आधी सगळे करतात तेच केलं. कणकेत ओट्सचं पीठ, वरून कोंडा, मोहन शून्य. बाफले असे झाले की लेक म्हणाला आई हे राजवाड्याच्या डागडुजीला देऊन टाक. दोन रविवार असेच गेले, तिसऱ्या रविवारी हे "जरा फिरून येतो" म्हणाले आणि कुठे जाऊन आले ते शर्टाच्या बाहीवरच्या तुपानं सांगितलं.

मग एक दिवस डोकं चालवलं आणि वजनकाटा काढला. भाजलेला बाफला 92 ग्रॅम. फोडून तुपात बुडवून बाहेर काढला तर 117. म्हणजे एका बाफल्यात 25 ग्रॅम तूप आणि हे खाणार तीन, 75 ग्रॅम तूप, पावणेसातशे कॅलरी नुसत्या तुपाच्या, दाल आणि लाडू अजून बाकीच आहे. मी उगाच पिठाच्या मागे लागले होते, गडबड तर शेवटच्या त्या बुडवण्यात होती.

आता पीठ सासूबाईंचंच. जाडसर कणीक, चौथा हिस्सा मक्याचं पीठ, ओवा, हळद, थोडं मोहन. उकळत्या पाण्यात सोडायचे, वर तरंगायला लागले की अजून पाचसात मिनिटं ठेवायचे, फडक्यावर कोरडे करायचे आणि ओव्हनमध्ये 200 वर अर्धा तास, मधे एकदा उलटून. बुडवायचं नाही. फोडायचा आणि फोडलेल्या जागी चहाचा एक चमचा कडकडीत तूप. जीभ आधी तिथेच लागते, त्यामुळे तूप कमी आहे हे कळतच नाही. फक्त कंड्यांचा, म्हणजे गोवऱ्यांचा, वास ओव्हनला येत नाही, म्हणून झाकणाच्या डब्यात बाफले, मधे वाटीत लाल निखारा, त्यावर दोन थेंब तूप आणि पाच मिनिटं झाकण. आधी एक वाटी दाल आणि काकडी-मुळा, मगच बाफला, आणि तोही दीड.

जूनमध्ये 7.4 आला. ह्यात गोळ्या आहेत, सकाळचं चालणं आहे, त्यामुळे श्रेय बाफल्याला देऊ नका. डॉक्टरांनी तर स्पष्ट सांगितलं की तूप कमी केलंत ते वजनासाठी, शुगरसाठी बाफले मोजा.

आता तुम्ही लिहा. काय बदललं, काय फसलं, घरचे काय बोलले. नुसतं "तेल कमी घाला" असलं ज्ञान नको, ते व्हॉट्सॲपवर सकाळी सहाला येतंच.

रामबागची

आमच्याकडे महिन्यातून दोन चतुर्थ्या, दोन एकादश्या, शिवाय सासूबाईंचे सोमवार, म्हणजे साबुदाणा खिचडी हा उपास नसून मुख्य आहारच आहे. साबुदाणा म्हणजे जवळजवळ निव्वळ स्टार्च, प्रोटीन नावापुरतं, त्यात आमच्याकडे वाटीभर तूप आणि तळलेला बटाटा. मी इथल्या ठेल्यावाल्यांचं बघून वाफेवर करायला लागले. साबुदाणा चार-पाच तास भिजवायचा, पाणी जेमतेम बरोबरीला, मग दाण्याचं कूट, मिरची, मीठ, जिरं लावून चाळणीत पसरायचा आणि खाली पाणी उकळत ठेवायचं. दहा-बारा मिनिटांत दाणा काचेसारखा होतो. चाळणीला तुपाचं बोट नक्की लावा, मी विसरले होते, चाळणी अर्धा दिवस भिजत पडली होती.

पण खरा फरक प्रमाणानं पडला. साबुदाणा निम्मा, आणि निम्मं मोरधन वेगळं मोकळं शिजवून त्यात मिसळते (मोरधन म्हणजे तुमची भगर, पुण्याच्या नणंदेला दर वेळी सांगावं लागतं). कूट दुप्पट. सासूबाईंना पहिले तीन उपास कळलं नाही. चौथ्याला म्हणाल्या "आज साबुदाणा बारीक मिळाला का गं?" मी हो म्हटलं. अजून तेच चालू आहे.

विजयनगरवाला भिया

मी एकटा राहतो, स्वयंपाक म्हणजे पोहे. सगळे सांगतात पोहे सोड, कार्ब्ज आहेत, पण मी विचार केला की इंदुरात राहून पोहे सोडायचे तर मग गावच सोडायला पाहिजे, आणि खरं सांगायचं तर आपल्या पोह्यात तेल असतंच किती, ठेल्यावर तर ते पातेल्यावर वाफेतच ठेवलेले असतात, बडीशेप हळद लिंबू आणि झालं. चोर निघाली शेव. घरी मूठभर म्हणून टाकतो ती काट्यावर 30 ग्रॅम भरली, पाकिटामागे वाचलं तर तिसऱ्या हिश्शाहून जास्त फॅट. आता शेव दोन चमचे आणि ती एकदम शेवटी, खाताना, म्हणजे कुरकुरीत राहते, आधी घातली की मऊ पडते आणि मग माणूस परत घालतो. बाकी कुरकुरीतपणाला भाजलेले दाणे, डाळिंबाचे दाणे आणि कच्चा कांदा. पोह्यात मोड आलेले मूगही घालतो, वाफवून, कच्चे घातले होते एकदा आणि ऑफिसमध्ये दिवसभर पोट वाजत होतं.

जिलेबीचं विचारू नका. रविवारी एक. बरं, दोन.

टिळकनगरची सून

माझा अनुभव जरा वेगळा आहे, पण लिहिते, कुणाच्या तरी उपयोगी पडेल. सासऱ्यांना बीपी आहे, किडनीही थोडी कमजोर, क्रिएटिनिन वाढलेलं. मी हौसेनं "कमी सोडियम"वालं मीठ आणलं, घरातलं साधं मीठ बरणीसकट मोलकरणीला दिलं आणि वरणापासून लोणच्यापर्यंत सगळीकडे तेच सुरू केलं. चव जराशी कडवट लागते, पण बाबा काही बोलले नाहीत, ते कधीच बोलत नाहीत. दीड महिन्यानं रूटीन टेस्टमध्ये पोटॅशियम 5.9, म्हणजे वाढलेलं. डॉक्टरांनी पहिला प्रश्न विचारला, घरात नवीन काय आणलंय. मी गोळ्या आठवत बसले, मीठ डोक्यातच नाही आलं. मग घरी येऊन पाकीट वाचलं. ह्या मिठात सोडियम क्लोराईडचा काही भाग काढून पोटॅशियम क्लोराईड घातलेलं असतं, आणि कमजोर किडनीला पोटॅशियम नीट बाहेर टाकता येत नाही. बीपीच्या काही गोळ्यांनीही ते वाढतं, बाबांची त्यातलीच एक होती. पाकिटावर बारीक अक्षरात सूचना होती हो, मी समोरचं मोठं अक्षर वाचून घेतलं. ज्यांच्या घरी किडनीचं काही आहे त्यांनी डॉक्टरांना विचारल्याशिवाय हे आणू नका.

आता साधंच मीठ, पण कमी. दिवसाला माणशी 5 ग्रॅमच्या आत म्हणतात, म्हणजे सगळं मिळून चहाचा एक सपाट चमचा. त्यात पापड, लोणचं, शेव सगळं आलं. आमच्याकडे सर्वात जास्त मीठ जायचं जीरावनातून (वरून भुरभुरायचा इंदुरी मसाला), बाबा ते काकडीपासून पेरूपर्यंत सगळ्यावर घेतात आणि बाजारच्या जीरावनात साधं मीठ असतं, काळं मीठ असतं, वर आपण पदार्थात घातलेलं असतंच. म्हणून मी बिनमिठाचं जीरावन करते. जिरं, धणे, बडीशेप, लाल मिरची, मिरी, लवंग, दालचिनी, सुंठ, हिंग मंद भाजायचं, गार झाल्यावर दळायचं आणि आमचूर जरा सढळ हातानं. आंबटपणा असला की जीभ मीठ मागत नाही. बाबांनी पहिल्यांदा पेरूवर घेतलं, खाल्लं आणि डबी स्वतःच्या खोलीत नेऊन ठेवली. आमच्याकडे ह्याला पसंती म्हणतात.

लोकमान्यनगर

शुगर-फ्रीच्या गोळ्या शिऱ्यात शिजवताना घातल्या. शिरा अळणी. अजून घातल्या, तरी अळणी. मुलीनं वाचून सांगितलं, ॲस्पार्टेम गरम झालं की त्याची गोडी जाते. वीस-बावीस गोळ्या फुकट. आता रवा कमी तुपात खरपूस भाजते, दूध, वेलची, आणि पिकलेलं केळं कुस्करून, साखर आधीच्या तिसऱ्या हिश्शाइतकी. गोड आहे तर गोडच आहे, वाटी लहान केली.

एअर फ्रायरवाली, राजेंद्रनगर

मागच्या हिवाळ्यात गराडू (इथे तळून खातात तो कंद) केलं, ऐका. सोलताना हाताला तेल लावायचं हे माहीत असून लावलं नाही, संध्याकाळपर्यंत हात खाजवत बसले. मग कच्च्या फोडी सरळ मशीनमध्ये. बाहेरून चामडं, आतून कच्चं, आमचे हे म्हणाले "सराफ्यात जाऊया का?" (सराफा म्हणजे इथला रात्रीचा खाण्याचा बाजार). दुसऱ्यांदा आधी कुकरला वाफवलं, अगदी मऊ नाही, सुरी जेमतेम जाईल इतकंच, गार करून दोन चमचे तेल चोळलं आणि 200 वर पंधरा मिनिटं, मधे हलवून. लिंबू आणि जीरावन गरम असतानाच. कढईतल्या गराडूच्या बारा आणे जमलं. चार आणे सोडून द्यायला शिकतेय.

शेव मात्र त्यात करायला जाऊ नका. मी केली. नको.

बडोद्याची माहेरवाशीण

माझं माहेर दांडिया बाजारातलं, आणि मला बरं नसलं, भांडण झालं, पाऊस पडला की शेव-उसळच लागते. वरचा तो लाल तेलाचा तवंग हेच तर तिचं सुख. इथे घरी करते तेव्हा लसूण, लाल मिरची आणि थोडे तीळ वाटून एका चमचा तेलात परतते आणि उसळीचंच पाणी घालून आटवते. रंग येतो, झणका येतो. तवंग येत नाही, खोटं कशाला बोलू. पाव एकच, वाटाणे भरपूर. भाऊ आला होता तो म्हणाला ताई ही उसळ आजारी आहे का.

सुदामानगरच्या काकू

मुलींनो, सगळं वाचलं. मी 74 ची आहे, मला शुगर नाही बीपी नाही, गुडघे आहेत. आमच्या वेळी तूप होतं, पण रात्री अकराला गाडी काढून सराफ्यात जाऊन वर रबडी खायची पद्धत नव्हती. असो, म्हातारीचं कोण ऐकतं.

भुट्ट्याचा कीस सांगते. अमेरिकन मका घेऊ नका, पाणी सुटून लगदा होतो आणि मग तो सुकवायला तूप ओतत बसता. देशी भुट्टा, कोवळा, दाण्याला नख रुतलं की दूध आलं पाहिजे. चार भुट्ट्यांना दोन चहाचे चमचे तूप पुरतं, पण कढई जाड हवी आणि गॅस बारीक. मोहरी, हिंग, हिरवी मिरची, मग कीस, आणि सोडून जायचं नाही. वीस मिनिटं परतत राहायचं, कच्चा वास जाऊन कडेनं सुटायला लागला की पाऊण वाटी दूध, बिनसायीचं चालतं, आणि परत परतायचं. तूप जास्त लागतं ते घाई असली म्हणजे. माझी सून मोबाईल घेऊन उभी राहते, तिला पाव वाटी लागतं.

रामबागची

काकू, सुनेनं वाचलं तर?

सुदामानगरच्या काकू

तिनंच टाइप करून दिलंय.

विजयनगरवाला भिया

काकू, तुमच्याकडे एक दिवस येतो मी. भुट्टे मी आणतो.

लोकमान्यनगर

एक विचारायचं राहिलं. पोळा आलाय, पुरणपोळीचं कुणी काय केलंय? मी मागे डाळीच्या निम्मा गूळ घालून बघितला, पुरण कोरडं होऊन पोळी फुटली. आणि गूळ म्हणजे चालतो असं आमच्याकडे सगळ्यांना वाटतं, शुगर तर तेवढीच वाढते.

सुदामानगरच्या काकू

पुरणपोळीला हात लावू नकोस. अर्धी खा, वर कटाची आमटी दोन वाट्या पी.

मी, पहिली बाफलेवाली. सगळ्यांना धन्यवाद, बिनमिठाचं जीरावन ह्या आठवड्यातच करणार. काकू, तुमचं शेवटचं वाक्य ह्यांना वाचून दाखवलं, त्यांनी "पुरणपोळीला हात लावू नकोस" इतकंच ऐकलं आणि माझ्याकडे असं बघितलं की जणू मीच लिहिलंय.