चहा स्वस्त होणार होता, तरी तो समुद्रात का गेला?

कुटुंबाच्या ग्रुपवरील रविवारची चर्चा

ताई (बॉस्टन): सर्वांना नमस्कार. नाना, एक शंका आहे. मुलाला शाळेसाठी बॉस्टनच्या चहाच्या प्रकरणावर निबंध लिहायचा आहे. इंग्रजांनी चहावरचा कर वाढवला, चहा महाग झाला आणि म्हणून चिडलेल्या लोकांनी तो समुद्रात फेकला, असे त्याने पहिल्याच वाक्यात लिहिले. शिक्षकांनी त्या वाक्याखाली रेघ मारून ‘पुन्हा तपासून पाहा’ असा शेरा दिला आहे. मलाही शाळेत हेच शिकवल्याचे आठवते. मग चुकले कुठे?

नाना (पुणे): शिक्षकांनी अगदी योग्य जागी रेघ मारली आहे. मे १७७३ मध्ये ब्रिटिश पार्लमेंटने केलेल्या चहाच्या कायद्याने अमेरिकेतल्या आपल्या वसाहतींवर कोणताही नवा कर बसवला नाही. दर पौंड वजनामागे तीन पेन्सचा कर १७६७ पासून होताच. त्या वर्षी काच, कागद, रंग, शिसे आणि चहा अशा अनेक वस्तूंवर जकात बसवली होती. वसाहतींनी इंग्लंडच्या मालावर बहिष्कार टाकल्यावर १७७० मध्ये बाकीच्या जकाती उठवल्या आणि चहावरची मात्र मुद्दाम ठेवली, कारण कर बसवण्याचा आपला हक्क पार्लमेंटला सोडायचा नव्हता. १७७३ च्या कायद्याने ईस्ट इंडिया कंपनीला इंग्लंडमधली जकात परत मिळू लागली आणि लंडनच्या लिलावातून माल घेणारे मधले व्यापारी वगळून, अमेरिकेत स्वतःचे अडते नेमून थेट चहा विकण्याची मुभा मिळाली. म्हणजे कायदेशीर चहा स्वस्तच होणार होता.

आत्या (सातारा): नाना, हे मला पटत नाही. चार पैसे वाचत असतील तर कोणतीही बाई स्वस्ताची पुडी आधी घेईल. ज्या व्यापाऱ्यांचा धंदा बुडणार होता त्यांनीच लोकांना चिथावले असेल.

नाना (पुणे): तुझे म्हणणे निम्मे खरे आहे. हॉलंडचा चहा चोरून आणणाऱ्यांचे आणि प्रामाणिकपणे चहा आयात करणाऱ्यांचे, अशा दोघांचेही नुकसान होणार होते आणि ते गप्प बसणार नव्हते. पण तेवढ्यावर पाच हजार माणसे थंडीत सभेला जमत नाहीत, तेही जेमतेम सोळा हजार वस्तीच्या गावात. त्यासाठी जरा मागे जावे लागेल.

व्हर्जिनियात जेम्सटाउनची वसाहत १६०७ मध्ये वसली आणि १६१९ मध्ये तिथे लोकांनी निवडलेल्या प्रतिनिधींची पहिली सभा भरली. पुढे प्रत्येक वसाहतीत अशी सभा उभी राहिली, आणि कर बसवायचा तो तिनेच, हा दीडशे वर्षांचा रिवाज झाला. फ्रान्सबरोबरचे युद्ध १७६३ मध्ये संपले तेव्हा ब्रिटन कर्जात बुडालेला होता, म्हणून पार्लमेंटने १७६५ मध्ये स्टॅम्प कायदा, म्हणजे कागदपत्रांवरचा कर, आणून वसाहतींकडून थेट पैसा काढायला सुरुवात केली. त्या पार्लमेंटमध्ये वसाहतींचा एकही प्रतिनिधी नव्हता. विरोधामुळे पुढच्याच वर्षी तो कायदा मागे घ्यावा लागला, पण त्याबरोबरच वसाहतींना सर्व बाबतींत बांधून घेण्याचा अधिकार आपल्याला आहे, असा दुसरा कायदा पार्लमेंटने करून ठेवला.

आता यातली खरी गोम सांगतो, जी पाठ्यपुस्तकात सहसा येत नाही. मॅसॅच्युसेट्सच्या गव्हर्नरचा पगार पूर्वी तिथली सभा मंजूर करत असे, त्यामुळे गव्हर्नरला सभेचे ऐकावे लागे. १७७२ पासून हा पगार राजाकडून, या जकातीच्या उत्पन्नातून मिळू लागला. म्हणजे लोक जितका चहा पितील तितका त्यांचाच गव्हर्नर त्यांच्या हातातून सुटणार. अशा वेळी चहाचा भाव हा मुद्दाच उरत नाही, आणि तो स्वस्त करणे हा कबुली मिळवण्याचा डाव आहे असेच लोकांना वाटले.

दादा (नाशिक): मी कर सल्लागार असल्याने मला त्यातल्या मुदतीचे फार वाटते. डार्टमथ हे पहिले जहाज २८ नोव्हेंबर १७७३ रोजी बंदरात आले. वीस दिवसांत जकात भरली नाही, तर कस्टमचे अधिकारी माल जप्त करून उतरवून घेऊ शकत होते. ती मुदत १७ डिसेंबरला भरत होती. न्यूयॉर्क आणि फिलाडेल्फियाकडे निघालेली चहाची जहाजे शेवटी माल न उतरवता परत गेली, कारण तिथल्या अडत्यांनी राजीनामे दिले. बॉस्टनच्या अडत्यांनी दिले नाहीत, आणि त्यांत गव्हर्नर टॉमस हचिन्सन यांचे दोन मुलगे होते.

नाना (पुणे): बरोबर. म्हणून १६ डिसेंबरला लोक ओल्ड साउथ मीटिंग हाउसमध्ये वाट पाहत बसले होते. डार्टमथचे मालक फ्रान्सिस रॉच यांना गव्हर्नरकडे, गावाबाहेरच्या त्यांच्या घरी पाठवले होते. जहाजाला चहासह परत जाण्याचा परवाना द्या, एवढीच विनंती होती. रॉच नकार घेऊन परतले तेव्हा अंधार पडला होता. त्यानंतर काही तासांत डार्टमथ, एलिनॉर आणि बीव्हर या तीन जहाजांवरच्या ३४० पेट्या फोडल्या गेल्या. सुमारे ९२,००० पौंड वजनाचा चहा गेला आणि कंपनीने आपले नुकसान ९,६५९ पौंड स्टर्लिंग इतके सांगितले. ओहोटी असल्याने पाणी उथळ होते, त्यामुळे चहाचे ढीग जहाजाच्या कडेपर्यंत साचले. चहाखेरीज कशालाही हात लावायचा नाही असा दंडक होता. एक कुलूप मोडले गेले, ते नंतर नवे आणून दिले.

आत्या (सातारा): तो चहा आसामचा होता का?

नाना (पुणे): नाही. आसामात चहाची लागवड १८३० नंतरची. हा सगळा चीनचा होता. बोही, काँगू, सूचाँग हे काळे आणि सिंग्लो, हायसन हे हिरवे. पण आपल्या देशाचा संबंध वेगळ्या वाटेने येतो. कंपनीच्या गोदामांत कोट्यवधी पौंड चहा पडून होता आणि ती दिवाळखोरीच्या काठावर होती, म्हणून तर हा कायदा झाला. १७७० च्या दुष्काळात बंगालमध्ये असंख्य माणसे मेली, आणि त्या काळातल्या कंपनीच्या वर्तनाच्या बातम्या अमेरिकेत पोहोचल्या होत्या. पेनसिल्व्हेनियाचे जॉन डिकिन्सन यांनी १७७३ मध्ये ‘रस्टिकस’ या नावाने काढलेल्या पत्रकात बंगालच्या या उपासमारीचा उल्लेख करून, ही कंपनी आपल्या दारात येऊ देऊ नका, असे बजावले होते. बंगालच्या उपाशी माणसांची आठवण फिलाडेल्फियात कोणी काढली होती, हे वाचून मी पुस्तक मिटून बराच वेळ बसलो होतो.

ताई (बॉस्टन): नाना, त्याच डार्टमथ जहाजाबद्दल मला इथे आणखी एक गोष्ट कळली. चहाबरोबर त्यावर फिलिस व्हीटली यांच्या कवितांच्या प्रती आल्या होत्या आणि त्या आधीच उतरवून घेतल्या होत्या. सात-आठ वर्षांची असताना त्या मुलीला आफ्रिकेतून आणून १७६१ मध्ये बॉस्टनमध्ये विकले होते. तिने इतके चांगले लिहिले की हे तिचेच आहे यावर लोकांचा विश्वास बसेना, म्हणून गावातल्या अठरा प्रतिष्ठितांनी सही करून दाखला दिला. गव्हर्नर हचिन्सन आणि त्यांच्या विरोधातले जॉन हॅन्कॉक या दोघांच्या सह्या त्या एकाच कागदावर आहेत. ज्या ओल्ड साउथच्या वास्तूत सभा भरली त्याच चर्चच्या मंडळीची ती सदस्य होती. संमतीशिवाय कर नको म्हणणाऱ्यांना तिची संमती कोणी विचारली होती का, हा प्रश्न माझ्या मनातून जात नाही.

नाना (पुणे): तुझा प्रश्न त्या काळातही विचारला गेला होता. पहिली प्रतिनिधी सभा भरली त्या १६१९ च्या उन्हाळ्यातच वीसहून थोडे अधिक आफ्रिकी बंदिवान व्हर्जिनियाच्या किनाऱ्यावर उतरवले गेले. दोन्ही गोष्टी एकाच वसाहतीत, महिन्याभराच्या अंतराने. पुढे अमेरिकेच्या १७८७ च्या राज्यघटनेत प्रतिनिधित्वासाठी एक गुलाम म्हणजे तीन पंचमांश माणूस असे धरले आणि त्यांची आयात १८०८ पर्यंत थांबवता येणार नाही अशी तरतूद केली. १७९० च्या पहिल्या शिरगणतीत सुमारे ३९ लाख लोकसंख्येत जवळजवळ ७ लाख गुलाम होते.

पण मुलाला एलिझाबेथ फ्रीमन यांच्याबद्दल जरूर सांग. मॅसॅच्युसेट्सच्या १७८० च्या राज्यघटनेत सर्व माणसे जन्मतः स्वतंत्र आणि समान आहेत, असे लिहिले होते. शेफील्ड गावातली ही गुलाम बाई वकील थिओडोर सेजविक यांच्याकडे गेली आणि त्या वाक्याच्या आधारे १७८१ मध्ये न्यायालयात आपले स्वातंत्र्य जिंकून आली. तिला लिहिता-वाचता येत नव्हते. आणखी काही खटल्यांचे निकाल तसेच लागले, आणि १७९० च्या शिरगणतीत मॅसॅच्युसेट्सच्या रकान्यात गुलामांची संख्या शून्य आहे. चहा बुडवणाऱ्यांनी जो युक्तिवाद मांडला होता तो शेवटपर्यंत नेण्याचे धैर्य या बाईने दाखवले, असे माझे ठाम मत आहे.

दादा (नाशिक): आणि बुडालेल्या चहाचे पैसे? ते कोणी भरले का?

नाना (पुणे): भरले नाहीत. म्हणून १७७४ मध्ये पार्लमेंटने बॉस्टनचे बंदर १ जूनपासून बंद केले आणि भरपाई होईपर्यंत ते उघडणार नाही असे ठरवले. त्याचा परिणाम उलटा झाला. इतर वसाहतींनी बॉस्टनला धान्य पाठवले, सप्टेंबरमध्ये जॉर्जिया सोडून बारा वसाहतींचे प्रतिनिधी फिलाडेल्फियात जमले, आणि एप्रिल १७७५ मध्ये लेक्सिंग्टनला गोळ्या झडून स्वातंत्र्ययुद्ध सुरू झाले.

ताई (बॉस्टन): त्याने पहिले वाक्य बदलून आता असे लिहिले आहे: ‘चहा स्वस्त होणार होता, पण तो विकत घेतला असता तर आपल्यावर कर कोण बसवणार हे दुसऱ्यांनी ठरवावे, हे मान्य केल्यासारखे झाले असते, म्हणून बॉस्टनच्या लोकांनी चहाची पोती समुद्रात फेकली.’ नाना, चालेल का?

नाना (पुणे): उत्तम आहे. फक्त ‘पोती’ काढून ‘पेट्या’ लिहायला सांग. चहा आतून शिसे लावलेल्या लाकडी पेट्यांत होता. बोहीच्या मोठ्या पेटीत दीडशे किलोंहून अधिक चहा भरलेला असे आणि ती कुऱ्हाडीने फोडावी लागे.