मदत हवी आहे: सूर्यडागांचे फोटो धूसर येतात

नमस्कार मंडळी. मे २०२४ मध्ये ३६६४ क्रमांकाचा डागसमूह नुसत्या ग्रहणचष्म्यातून दिसला, तेव्हापासून सूर्याचं वेडच लागलंय.

६ इंची डॉब्सोनियन (साध्या फिरत्या बैठकीवरची आरशाची दुर्बीण) आहे. नळीच्या तोंडाला घनता ५ ची (प्रकाश लाखपटीने कमी करणारी) बाडर सौर फिल्म घट्ट बसवलेली, फाइंडरला (नेम धरायच्या छोट्या दुर्बिणीला) कायम झाकण. (गच्चीवर लहान मुलं येतात, म्हणून यात तडजोड नाही.) डीएसएलआर कॅमेरा प्रतिमा दुप्पट करणाऱ्या बार्लो भिंगामधून, आयएसओ ४००, शटर १/१२५.

डागाचा काळा गाभा ठीक येतो, पण त्याभोवतीच्या उपच्छायेच्या बारीक रेषा पार विरघळतात. लाइव्ह व्ह्यूमध्ये सूर्याची कड उकळत्या पाण्यासारखी थरथरते. अकरानंतर गच्ची तापली की काहीच खरं नाही.

सकाळी सात-आठला सूर्य फार खाली असतो, मग तुम्ही नेमके कधी बसता? गच्चीवर पाणी मारून फरक पडतो का?

दुसरं, घनता ३.८ ची फिल्म सुमारे सोळापट प्रकाश देते, म्हणजे शटर झटकन मिटेल. पण तिच्यातून डोळ्यांनी बघायचं नाही, मग फोकस फक्त स्क्रीनवरच जुळवता का? आणि सुटे फोटो सोडून व्हिडिओ घेऊन स्टॅक करायचा (त्यातल्या चांगल्या फ्रेम एकावर एक जुळवून एक फोटो करायचा), तर किती सेकंदांचा? कुणी केलं असेल तर कृपया सविस्तर सांगा.