प्रश्न कुठल्या भाषेत विचारणार?
हवामान बदलाने लोकांच्या मनाला लागलेली चिंता मोजायची म्हटली की 2021 च्या दहा देशांच्या सर्व्हेचा दाखला देतात, 16 ते 25 वयाची दहा हजार मुलं, भारतातलीही. महत्त्वाचाच आहे पण तो ऑनलाइन होता, शेतावरचा माणूस त्यात येतो कुठे? ही चिंता मोजायची क्लेटन-कराझिया स्केल नावाची प्रश्नावली आहे, तिच्यात विचारतात की हवामान बदलाच्या विचाराने झोप लागत नाही का. आता सप्टेंबर 2025 च्या पुरात धाराशिवकडे ज्याचं उभं सोयाबीन गेलं, वर मातीही खरवडून गेली, त्याची झोप उडालीय ती बँकेच्या हप्त्याने नि पोरीच्या फीने, तो 'हवामान बदल' म्हणणारच नाही, मग स्कोअर कमीच येणार ना! त्यापेक्षा सरळ विचारा, आभाळ भरून आलं की छातीत धडधडतं का, पेरणी नकोशी वाटते का. आणि गावातल्या आशाताईंना, म्हणजे आशा आरोग्य सेविकांना, सोबत घ्या, त्यांच्याशी लोक बोलतात.