सगळ्यांची चित्रं लावायची की निवडक? विद्यापीठाच्या दालनातलं विद्यार्थी-प्रदर्शन

तिसरी भिंत:
काल 'निवडक' यांनी लिहिलेलं वाचलं आणि राहवलं नाही. त्यांचं म्हणणं थोडक्यात असं: विद्यापीठाचं कलादालन ही दाखवायची जागा आहे, गिरवायची नाही. शेवटच्या वर्षाच्या झाडून सगळ्या पोरांची कामं लावली की प्रदर्शनाची जत्रा होते. तेव्हा कडक परीक्षक नेमा, चाळिसातली दहा कामं लावा, उरलेल्यांना 'पुढच्या वेळी' म्हणा.

पुढच्या वेळी? शेवटच्या वर्षाला पुढची वेळ कुठून आणायची साहेब?

मी स्वतः अशाच एका दालनात चित्र लावलं होतं. वर्षभर पलंगाच्या कडेला टेकवून रंगवलेलं चार फुटी चित्र खोलीत भलतंच दांडगं वाटायचं. दालनाच्या लांबलचक भिंतीवर चढवलं आणि त्याचं टपाल तिकीट झालं. शेजारी वर्गातल्या एका मुलीचं वीतभर निसर्गचित्र, सगळं करड्या रंगातलं. माणसं माझ्यासमोरून सरळ पुढे जायची आणि तिच्यापाशी वाकून उभी राहायची. माझ्या चित्रात सगळंच एकदम ओरडत होतं, हे इतक्या वर्षांत कुठल्या सरांनी सांगितलं नाही, ते त्या दोन तासांत कळलं. तुमच्या दहांत मी नक्कीच नसतो. मग मला हे कुठे कळलं असतं?

आणि कडक परीक्षकांचं कौतुक आम्हाला नको. १८६३ साली पॅरिसच्या सलोंच्या, म्हणजे तिथल्या मोठ्या सरकारी कलाप्रदर्शनाच्या, परीक्षकांनी निम्म्याहून जास्त कामं परत पाठवली. इतकी ओरड झाली की सम्राट तिसऱ्या नेपोलियनला नाकारलेल्यांचं वेगळं प्रदर्शन भरवायला लावावं लागलं. त्यात पुढे मोठे चित्रकार ठरलेले माने, व्हिसलर, पिसारो होते. परीक्षकांपैकी एकाचं तरी नाव सांगा.

निवडक:
झाली तीन नावं. त्या प्रदर्शनात शेकडो चित्रं होती, उरलेल्यांची नावं तुम्ही सांगा. नाकारलेल्यांत एक माने निघाला की नाकारलेला प्रत्येक जण स्वतःला माने समजायला लागतो.

मी तीनदा परीक्षक म्हणून बसलोय. एकदा समितीनं माझं न ऐकता सगळ्यांना घेतलं. एकेचाळीस जणांची कामं, भिंतीवर तीन-तीन ओळी, वरची ओळ बघायची तर मान मोडायची. त्यात एका मुलाची कोळशाची सहा रेखाटनं होती. त्या वर्षीचं सगळ्यांत चांगलं काम, आणि ते लागलं कुठे, तर दाराच्या मागे. दार उघडलं की झाकलं जायचं, आणि उद्घाटनाच्या दिवशी दार सताड उघडं! त्याला तुमच्या समतेनं काय दिलं? दाराची मागची बाजू.

शेवटचा ज्ञ:
दाराची मागची बाजू मला विचारा. आमच्याकडे आडनावाच्या क्रमानं लावायचे. शाळेत तोंडी परीक्षेला शेवटचा, ओळखपत्र मिळायला शेवटचा आणि प्रदर्शनात अग्निशामक नळकांड्याशेजारी. त्या नळकांड्याचा लाल माझ्या चित्रातल्या लालपेक्षा सरस होता, तेही सोसलं. १९१७ साली न्यूयॉर्कच्या स्वतंत्र कलावंतांच्या प्रदर्शनात अशीच आडनावानुसार मांडणी होती, आणि ती कल्पना मार्सेल द्युशाँ या कलावंताची. माणूस मोठा असेल, पण त्याचं आडनाव इंग्रजी 'डी'वरून होतं हे विसरू नका.

निवडक:
बरं झालं आठवण काढलीत. त्या प्रदर्शनाचा नियमच होता: परीक्षक नाहीत, बक्षिसं नाहीत, सहा डॉलर भरा आणि लावा. आणि द्युशाँनं खोट्या नावानं कलाकृती म्हणून मुतारी पाठवली तेव्हा? पैसे भरलेले असूनही लावली नाही. निवड सगळेच करतात, कबूल कुणी करत नाही. मी करतो, एवढाच फरक.

मातीचे पाय:
भिंत, भिंत, भिंत! तिसरी भिंत, दाराची भिंत. आम्ही शिल्पवाले जमिनीवर उभे असतो हो. सगळ्यांना घ्या नाहीतर दहांना घ्या, चौथरे कायम चारच, त्यातले दोन डुगडुगणारे. माझं भाजक्या मातीचं काम होतं, दोन पावलं, घोट्यापर्यंत. एक गृहस्थ समोरचं चित्र नीट दिसावं म्हणून मागे सरकत सरकत आले आणि पाठीनं चौथरा हलवला. उजव्या पायाचा अंगठा गेला. ते 'सॉरी' म्हणाले. चित्राकडे बघत.

स्पिरिटलेव्हल:
चौदा वर्षं दालनात टांगाटांगीचं काम करतोय, म्हणून बोलतो. निवड करा नाहीतर सरसकट लावा, कामं येणार ती आदल्या रात्रीच. नियम साधे आहेत. मागे दोन्ही बाजूंना कड्या, कड्यांना तार, चित्राचा मध्य जमिनीपासून दीडेक मीटरवर, कागदावरच्या कामावर ५० लक्सपेक्षा (लक्स म्हणजे उजेडाचं माप) जास्त उजेड नाही. पोरं काय आणतात? दुहेरी चिकटपट्टी. मध्यरात्री रिकाम्या दालनात धप्प असा आवाज येतो, तो एकदा ऐकलात की कळेल.

मागच्या खेपेला एक मोठं व्यक्तिचित्र आलं. तैलरंगातलं, बबल रॅपमध्ये घट्ट गुंडाळलेलं. वरून सुकलेलं, आत ओलं. सोडवलं तर आजोबांच्या डाव्या गालावर गोल गोल ठसे, देवीचे वण असावेत तसे. मुलगी रडकुंडीला आली. मी म्हटलं, राहू दे पोरी, लांबून कळत नाही. सकाळी येऊन बघतो तर निवेदनाच्या, म्हणजे चित्राबद्दल चित्रकारानं लिहून शेजारी लावायच्या, कागदावर एक नवं वाक्य: 'पृष्ठभागावरील वर्तुळाकार ठसे वेष्टित स्मृतीच्या विस्थापनाकडे निर्देश करतात.' आणि संध्याकाळी दोन पाहुणे त्याच गालापुढे उभे राहून माना डोलावत होते!

निवडक:
हेच! हेच ते! निवेदनं बंद करा आधी. चित्रापेक्षा कागद मोठा झालाय. एकानं रंगाचा ठिपका नसलेला कोरा कॅनव्हास टांगला होता आणि शेजारी दीड पान मजकूर. त्यात 'अवकाश' हा शब्द अकरा वेळा. मोजला मी.

अर्धंमुर्धं:
मोजायला वेळ होता, बघायला नव्हता.

मी शेवटच्या वर्षाला आहे. निवेदनाला वेगळे गुण असतात काका, हौस म्हणून कुणी लिहीत नाही. मी पहिल्यांदा लिहिलं: 'जिन्यात दुपारी चारला येणारा उजेड मला आवडतो, म्हणून जिना रंगवला.' कागद परत आला, समासात लाल शाईनं 'संकल्पना?' दुसऱ्यांदा लिहिलं: 'ऊर्ध्वगामी संक्रमणाचा उंबरठा.' शेरा आला 'उत्तम'. जिना तोच होता. आता आम्हाला हसा, पण लाल शाई कुणाची होती तेही विचारा.

तिसरी भिंत:
मुद्दा निवडीचा होता, पण असो. निवेदनाबाबत 'निवडक' यांच्याशी सहमत व्हावं लागतंय, याचा मला मनस्वी त्रास होतोय. शीर्षक, माध्यम, माप. बास. उरलेलं चित्रानं बोलावं.

सहज आले:
मी चित्रकलेतली नाही, मुलीचं प्रदर्शन बघायला गेले होते म्हणून लिहिते. तिनं मोठ्या मळकट पिवळ्या कागदावर फिकट चौकोन काढले होते. काही उभे, काही आडवे, एक लंबगोल. मला काही म्हणजे काही कळेना. 'छान आहे' म्हणायची तयारी करत होते. मग खालची चिठ्ठी वाचली. 'आजीच्या खोलीतले फोटो काढल्यावर भिंतीवर राहिलेल्या जागा.' माझ्या आईची खोली. ते फोटो मीच उतरवले होते, भराभर, एका दुपारी. मुलगी तेव्हा दारात उभी होती एवढंच आठवतं. ती यावर घरी कधी एक शब्द बोलली नव्हती. ती चिठ्ठी नसती तर मी चौकोन बघून घरी आले असते.

आणि हो, तिचं काम दहांत आलं असतं की नाही मला माहीत नाही. विचारावंसंही वाटत नाही.

निवडक:
ताई, ते निवेदन नव्हे, ते वाक्य आहे. असं एक ओळीचं वाक्य असेल तर माझी हरकत नाही. घ्या, मागे घेतलं अर्धं.

अर्धंमुर्धं:
मग उरलेलं अर्धंही घ्या. व्हिएतनाम युद्धस्मारकाची स्पर्धा, १९८१. माया लिन तेव्हा येल विद्यापीठात शिकत होती, वय २१. एकूण १,४२१ प्रवेशिका, आणि निवड झाली ती तिची. तिची पेस्टलची चित्रं इतकी मोघम होती की नुसती बघून फारसं काही हाती लागलं नसतं. सोबत तिनं लिहिलेला मजकूर होता: जमिनीत उतरत जाणाऱ्या भिंतीजवळून माणूस कसा चालेल, नावं कशी वाचेल. तो मजकूर वगळला असता तर काय राहिलं असतं? काळा कोन.

निवडक:
उत्तम उदाहरण, आणि ते माझ्या बाजूचं. त्या स्पर्धेत प्रवेशिकांवर नावं नव्हती, नुसते क्रमांक. तिचा १०२६. परीक्षकांना ती मुलगी आहे की मुलगा, शिकतेय की नावाजलेली, काही माहीत नव्हतं. परीक्षक चोख असतील तर विद्यार्थिनीही मोठमोठ्या वास्तुरचनाकारांना मागे टाकते. मला तरी दुसरं काय हवंय?

तिसरी भिंत:
चौदाशे प्रवेशिकांत नाव झाकणं सोपं आहे. इथे चाळीस पोरं, पाच शिक्षक, वर्षभर रोज एकमेकांसमोर. कोण निळा जास्त वापरतो, कुणाच्या चित्रातल्या माणसांचे हात कायम खिशात लपलेले असतात, हे डोळे मिटूनही ओळखू येतं. नाव झाकून काय होणार? तुम्ही तीनदा बसलात ना? निवडलेल्यांत तुमच्या हाताखाली शिकलेले किती होते, तेवढं सांगा.

निवडक:
हा सरळसरळ आरोप आहे. मी कुणाचं नाव बघून कधी गुण दिलेले नाहीत. शब्द मागे घ्या, नाहीतर पुढे बोलण्यात अर्थ नाही.

तिसरी भिंत:
प्रश्न विचारला. आरोप तुम्हाला ऐकू आला.

मातीचे पाय:
भांडा. तोवर मी चौथऱ्याखाली पुठ्ठ्याची घडी घालून येतो.

निवडक:
रात्रभर विचार केला. तीन वर्षांत मिळून सात जण माझ्याकडे शिकलेले होते. सात जास्त आहेत की कमी, मला सांगता येत नाही. त्यातल्या एकीचं काम मी ओळखलं होतं. सावलीत ती जांभळा घालते, आणि ते तिला मीच शिकवलं होतं. मला ते चित्र आवडलं ते चांगलं होतं म्हणून, की माझं वाटलं म्हणून, हे तेव्हा मनात आलं नाही. आता आलं. झालं समाधान?

पण म्हणून सगळ्यांना लावा हे मला अजून पटलेलं नाही. विद्यापीठाच्या दालनावाचून पोरांचं अडतं असंही नाही. १९८८ साली डेमियन हर्स्ट, पुढे नावाजलेला ब्रिटिश कलावंत, विद्यार्थी असताना त्यानं आणि सोबत्यांनी लंडनच्या गोदीतली रिकामी पडलेली इमारत मिळवून स्वतःच प्रदर्शन भरवलं. कुणाच्या भिंतीसाठी रांग लावली नाही.

अर्धंमुर्धं:
इमारत मिळवली, प्रायोजक मिळवले, छापील पुस्तिका काढली. सोळा-सतरा जणांचं प्रदर्शन, म्हणजे हर्स्टनंही निवडच केली, पण ती बरोबरच्यांनी केली, गुण देणाऱ्यांनी नाही. आम्हालाही चालेल तसं. निवड समितीत निम्मे विद्यार्थी घ्या.

तिसरी भिंत:
निम्मे विद्यार्थी म्हणजे मैत्रीखात्याची निवड. त्यापेक्षा मधला मार्ग काढा. सगळ्यांची कामं लावा, पण एकदम नाही. चाळिसांच्या तीन तुकड्या, प्रत्येकीला एक आठवडा. एकाच ओळीत, श्वास घ्यायला जागा ठेवून. दाराच्या मागे कुणी नाही.

निवडक:
तीन आठवडे मध्यम प्रतीची कामं बघायची शिक्षा मला मान्य आहे, त्यातल्या एका आठवड्यात ती कोळशाची रेखाटनं समोरच्या भिंतीवर लागणार असतील तर.

स्पिरिटलेव्हल:
सगळे एकमतावर आलेले दिसताय, अभिनंदन. तीन तुकड्या म्हणजे तीनदा टांगणं, तीनदा उतरवणं, दर रविवारी भिंतीची भोकं लांबीनं (पुट्टीनं) बुजवून वर रंगाचा हात. लांबी सुकायला वेळ लागतो, ओल्यावर रंग मारला की डाग उमटतो. कोण येणार आहे हातभार लावायला? नावं इथेच लिहा.

मातीचे पाय:
मी येतो. त्या निमित्तानं चौथऱ्यांचे पाय तासून घेतो.

अर्धंमुर्धं:
मी, आणि आमच्या वर्गातले दोघं. चिकटपट्टी आणणार नाही, शपथ.

निवडक:
रविवारी मोकळा असतो. शिडीवर मात्र चढणार नाही.

शेवटचा ज्ञ:
मीही येईन. पण तुकड्या कशा पाडणार ते अजून कुणी बोललेलं नाही. आडनावानुसार पाडणार असाल तर मी तिसऱ्या आठवड्यात, म्हणजे सगळे बघून कंटाळल्यावर. आणि ते नळकांडं अजून त्याच जागी आहे, कालच बघून आलो.