उत्तर: कुस्को – आई-बाबांना घेऊन जातोय, विरळ हवेचं काय करायचं?

प्रेषक: ढोलपथकातला सातारकर

नमस्कार ह्यूस्टनकर मंडळी,

जुलैत आई-बाबांना घेऊन पेरूला निघालोय. बाबा ६८, आई ६४. दोघंही ठणठणीत, बाबा अजून अजिंक्यताऱ्यावर चालत चढतात. तिकिटं काढून झाली आणि मग वाचलं की कुस्को ३,४०० मीटरवर आहे. आपलं कळसूबाई १,६४६, म्हणजे त्याच्या दुपटीहून वर! तेव्हापासून पोटात गोळा आलाय.

बेत असा आहे: सकाळी लिमाहून विमानाने कुस्को, दुपारी साक्सायवामानचा इंकाकालीन किल्ला, दुसऱ्या दिवशी तो इंद्रधनुष्याच्या रंगांचा डोंगर, तिसऱ्या दिवशी माचू पिचू. कुणी जाऊन आलं असेल तर सांगा, जमेल ना?

---

प्रेषक: डॉक्टरकाकू

अरे, हा बेत आहे की शिक्षा?

तो रंगीत डोंगर ५,००० मीटरच्या वर आहे. आपल्या ह्यूस्टनला उड्डाणपूल हीच काय ती चढण. इथून उठून कुस्कोतल्या दुसऱ्याच दिवशी तिथे? तो आधी खोड. आणि अजिंक्यताऱ्याचं कौतुक इथे कामाला येत नाही. विरळ हवा कुणाला लागेल ते दमावर ठरत नाही. तालमीतला पोरगा आडवा होतो आणि त्याची आजी मजेत फिरते. कुस्कोत हवेचा दाब समुद्रकाठच्या दोन-तृतीयांशच असतो, म्हणजे दर श्वासाला प्राणवायू एक-तृतीयांश कमी. शरीर जुळवून घेतं, पण त्याला दोन-तीन दिवस लागतात.

माझं ऐकशील तर कुस्कोला उतरा आणि थांबूच नका. विमानतळावरूनच गाडी करून उरुबाम्बाच्या खोऱ्यात खाली जा. तिथलं ओयान्तायताम्बो गाव २,८०० मीटरच्या आसपास आहे. दिवसा कुठे हिंडलात यापेक्षा रात्री किती उंचीवर झोपलात ते महत्त्वाचं. वाटेत चिंचेरोला रस्ता कुस्कोहूनही वर चढतो, तिथे विणलेल्या शाली बघत तास घालवू नका. माचू पिचू तर २,४३० वर, म्हणजे कुस्कोच्या जवळजवळ एक किलोमीटर खाली! आधी ते उरका आणि कुस्कोला शेवटी चढा.

गोळीचं म्हणशील तर असेटाझोलामाइड, म्हणजे आपली डायमॉक्स. साधारण १२५ मिलिग्रॅम दिवसातून दोनदा, चढायच्या आदल्या दिवसापासून. बोटांना मुंग्या येतात, सारखं लघवीला जावं लागतं, सोडा पाणचट लागतो. घाबरायचं नाही. पण सल्फाची ॲलर्जी असेल तर ही गोळी आपल्या डॉक्टरला विचारल्याशिवाय अजिबात नाही. बाबा बीपीची कुठली गोळी घेतात ते मला फोनवर सांग, या मेलिंग लिस्टवर नको.

डोकं दुखणं, मळमळ, झोपमोड हे थोडंफार व्हायचंच. मात्र बसल्या जागी धाप लागली, चालताना झोक जाऊ लागला, बोलणं असंबद्ध झालं, तर “सकाळी बघू” करायचं नाही. त्याच रात्री खाली उतरवायचं.

---

प्रेषक: खजिनदारकाका

काकूंच्या वैद्यकीपुढे मान तुकवून थोडा वेगळा सूर लावतो. म्हातारी माणसं बरोबर असतील तर काकू म्हणतात तोच क्रम ठेवा. पण शेवटी कुस्कोला याल तेव्हा एक रात्र काढून पळू नका. बहुतेक जण त्या शहराचा फलाट करतात: उतरायचं, गाडी बदलायची, पुढे. आम्ही दोघं दोन वर्षांपूर्वी गेलो तेव्हा नाइलाजाने चार दिवस तिथे अडकलो, आणि सहलीतलं आठवतं ते तेवढंच.

नाइलाज असा की पहिल्या दिवशी मी शहाणपणा केला. सामान टाकलं आणि सान ब्लास वस्तीच्या पायऱ्या चढायला घेतल्या. विसाव्या पायरीला कवटीभोवती कुणी सुंभ आवळतंय असं वाटलं. खोलीवर परत आलो तर पिशवीतलं बाकरवडीचं पाकीट फुग्यासारखं टम्म फुगलेलं. बाहेरचा दाब कमी, आतला ह्यूस्टनचा. बायको म्हणाली, “तुमचं डोकंही असंच झालंय.” मग कोकाच्या पानांचा चहा आणि झोप. रात्री भूक नव्हती, नुसतं सूप घेतलं. तिथे पाणी ८९ अंशांच्या आसपासच उकळतं, तेव्हा आपल्यासारखा कडक चहा आणि मऊ भात यांची आशा सोडा.

(कोकाची पानं तिकडे बाजारात उघड मिळतात. अमेरिकेत आणायला मात्र बंदी आहे, चहाच्या पुड्यासुद्धा. मी भेट म्हणून वीस पुड्या भरल्या होत्या, हॉटेलातल्या मुलीने हात धरून थांबवलं. आणि नोकरीत लघवीची तपासणी होत असेल तर तिथेही पिऊ नका. मुन्या नावाचा पुदिन्यासारखा पाला मिळतो, त्याचा काढा घ्या.)

दुसऱ्या दिवशी फक्त सपाटीवर. मोठ्या चौकातून कोरिकांचाला गेलो. हे इंकांचं सूर्यमंदिर. भिंतींना सोन्याचे पत्रे होते, ते १५३३ मध्ये स्पॅनिशांनी पकडलेल्या इंका राजा आतावाल्पाच्या खंडणीसाठी उचकटले आणि वर सांतो दोमिंगोचा मठ उभा राहिला. १९५० च्या भूकंपात मठाची पडझड झाली, इंकांच्या भिंती जागच्या हलल्या नाहीत. आपली हेमाडपंती देवळं आठवा, बिनचुन्याची, शुष्कसांधी. फक्त इथले दगड असे बसवलेत की सांध्यात पोस्टकार्ड शिरणार नाही.

कॅथेड्रलमध्ये मार्कोस सापाताचं ‘शेवटचं भोजन’ चुकवू नका. येशूच्या ताटात भाजलेला कुई आहे, म्हणजे गिनीपिग. परक्या देवाला आपल्या घरचं जेवू घालण्याची ही रीत मला फार आवडली.

तिसऱ्या दिवसाची युक्ती लिहून ठेव. टॅक्सीने थेट शहराच्या वर ताम्बोमाचायला जायचं, तेही इंकांचंच ठिकाण. टॅक्सीला मीटर नसतो, भाडं आधीच ठरवायचं. तिथून पुका पुकारा, केंको, साक्सायवामान असं उताराने पायी शहरात यायचं. हीच वाट उलटी चढणारे लोक दर दहा पावलांवर कमरेवर हात ठेवून उभे असतात. केंकोला खडकाच्या पोटात एक गुहा आहे. आत दगडातच कोरलेला ओटा, त्यावर हात ठेवला की भर दुपारी बर्फासारखा गार.

साक्सायवामानच्या तीन भिंती करवतीच्या दात्यांसारख्या वळतात. सगळ्यात मोठे दगड शंभर टनांच्या वरचे धरतात. १५३६ मध्ये इंकांचा राजा मांको इंकाने स्पॅनिशांच्या ताब्यातल्या कुस्कोला वेढा घातला तेव्हा इथेच तुंबळ झालं आणि स्पॅनिश सरदार हुआन पिसारो त्यात मेला. पुढे स्पॅनिश लोकांनी हलवता येतील तेवढे दगड घरं बांधायला नेले. आज दिसतात ते न हललेले. गड उतरवून वाडे बांधणं आपल्याकडेही काही नवीन नाही.

तिकीट: बऱ्याच ठिकाणांचं मिळून एकच ‘बोलेतो’ मिळतं, आम्हाला १३० सोल (तिथलं चलन) पडले, दहा दिवस चालतं. कोरिकांचा आणि कॅथेड्रल त्यात नाहीत.

---

प्रेषक: प्रसाद समिती

गणपतीला तळणीचे की उकडीचे? उकडीचे असतील तर २०० मोदकांना मला आणखी तीन जणी लागतील.

---

प्रेषक: प्रसाद समिती

माफ करा, भलत्याच धाग्यात गेलं. पण उत्तर द्या.

---

प्रेषक: ढोलपथकातला सातारकर

कुस्कोहून लिहितोय. रंगीत डोंगर खोडला. काकूंच्या क्रमाने आधी खाली गेलो, काल संध्याकाळी इथे चढलो. आईचं डोकं थोडं जड आहे, बाबा ठीक. त्यांच्या बोटांना मुंग्या आल्या तेव्हा काकूंची मेल वाचून दाखवली, मग गप्प बसले.

खजिनदारकाका, तुम्ही बाजाराचं काहीच लिहिलं नाहीत! खोऱ्यात असताना आषाढी आली. आईने मुक्कामाच्या घरातल्या चुलीवर खिचडी केली, साबुदाणा ह्यूस्टनहूनच आणला होता. आज सान पेद्रोच्या बाजारात ती बटाट्यांच्या ढिगापुढे उभी राहिली. जांभळे, काळपट, आल्याच्या कुड्यासारखे गाठी-गाठींचे. इथे बटाट्याला ‘पापा’ म्हणतात, याचं तिला कोण हसू. एक सुकलेला प्रकार होता, चुन्यो. रात्री थंडीत गोठवायचे, दिवसा तुडवून पाणी काढायचं आणि उन्हात वाळवायचे. आई म्हणाली, हे आपलं वाळवणच. मग तिला राजगिऱ्याच्या वड्या दिसल्या. ‘किविचा’ म्हणतात, पण लाह्या तशाच, पाकही तसाच. बटाटा, शेंगदाणा, मिरची, साबुदाणा होतो तो कंद, सगळं या अमेरिका खंडांतूनच आपल्याकडे आलं, हे मी तिला सांगितलं. ती जरा वेळ गप्प झाली. मग म्हणाली, “मग त्याआधी विठोबाच्या उपासाला काय खायचे?”

बाबांचं वेगळंच. बांधकाम खात्यात तीस वर्षं काढलेला माणूस. आतुन रुमियोक गल्लीत बारा कोनांचा दगड आहे, सगळे त्याच्याबरोबर फोटो काढतात. बाबांनी त्या दगडाकडे एकदाच पाहिलं. नंतर अर्धा तास ते शेजारच्या साध्या दगडांपुढे उभे. हात लावू देत नाहीत, राखणदार शिट्टी मारतो, म्हणून हात पाठीमागे बांधून, नाक भिंतीपासून वीतभर. खालच्या कडेला दगडांना बाहेर आलेले गुटगुटीत उंचवटे आहेत, ते दाखवून म्हणाले, “पहार घालायला ठेवलेत, मग फोडायचे राहिले.” खरं-खोटं त्यांना ठाऊक. पुढे म्हणाले, “भिंत आत कललीय बघ. आमच्या गवंड्याने अशी बांधली असती तर मी पाडून घेतली असती.” मी भूकंपाचं सांगितलं. त्यावर नुसतं हूं.

उद्या टॅक्सीने ताम्बोमाचायला जाऊन उताराने येणार. बाबांनी हॉटेलात सुतळी मागून घेतलीय आणि तिला खोलीची किल्ली बांधलीय. ओळंबा करणार आहेत. राखणदाराला स्पॅनिशमध्ये काय सांगायचं, ते कुणाला येत असेल तर आज रात्रीच कळवा.